सातवा महिना चालू असतानाच सिस्टर तांबीचं का विचारतात?

तुम्ही लिहिलंय की तपासणीला गेलात तर बाळाचे ठोके बघायच्या आधी सिस्टरने विचारलं, पुढे काय वापरणार, तांबी, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून पिशवीत बसवतात ती कॉपर-टी, बसवायची का, आणि सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या अजून पहिलं हातात नाही आणि हिला पाळणा लांबवायची घाई. राग येणं साहजिक आहे ताई. मी स्वतः उपकेंद्रावर सिस्टर आहे, ठोक्यांच्या आधी विचारलं ही चूकच, पण सातव्यात विचारलं ते बरोबर.

कारण सांगते. नोकरीच्या सुरवातीला मी एका बाईला ऐन कळांत विचारलं, ती हो म्हणाली, सही पण केली. कळांत बाई कशालाही हो म्हणते हो. सव्वा महिन्याने आली ती तांबी काढून द्या म्हणायला, घरी कुणाला माहितीच नव्हतं. तेव्हापासून मी कळा चालू असताना हा विषय काढतच नाही, जे बोलायचं ते आधी, नवऱ्याला बोलवून, आणि बाईशी पाच मिनिटं एकटीशी पण.

आणि डिलिव्हरीनंतर बोलू म्हटलं तर पहिलटकरीण माहेरी, तिथनं तीन-चार महिन्यांनी सासरी, मधल्या काळात तिला कोण गाठणार? सगळ्यांचा एकच समज, पाळी आली नाही म्हणजे दिवस जात नाहीत. अहो, बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते, त्यामुळे पाळी न येताच परत दिवस गेलेल्या बायका आमच्याकडे येतात आणि तोवर चौथा महिना लागलेला असतो. अंगावर पाजण्याचा आधार असतो, पण बाळ 6 महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही आणि दिवसरात्र फक्त अंगावरचं, वरचं पाणीसुद्धा नाही, हे तिन्ही असेल तरच. रात्री एक बाटली सुरू झाली की तो भरवसा संपला. बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहायला निदान 2 वर्षं जाऊ द्यावीत म्हणतात ते आईचं अंग भरून यावं म्हणून, रक्त आधीच कमी असतं आपल्याकडे बायकांचं.

तांबी वार पडल्यावर 10 मिनिटांत नाहीतर 48 तासांच्या आत बसवता येते, सिझरमध्ये पण. दूध कमी होत नाही. मात्र बाळंतपणात लगेच बसवलेली कधीकधी निसटते, म्हणून 6 आठवड्यांनी दाखवायला यायचंच. तांबी नको तर छाया गोळी आहे, पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा मग एकदा, पाजत असताना चालते. अंतरा इंजेक्शन दर 3 महिन्यांनी, पण पाजत असाल तर 6 आठवड्यांनंतर. त्याने पाळी मागेपुढे होते, कधी बंदच होते, मग शेजारीण सांगते रक्त अंगात साठतंय. काही साठत नाही. माला-एन ही रोजची गोळी मात्र पाजणाऱ्या बाईने पहिले 6 महिने घ्यायची नाही, घरात जावेचं पाकीट पडलेलं असतं म्हणून सुरू करतात. आणि निरोध आहेच, त्याचं नाव काढलं की नवरे मोबाईल बघायला लागतात.

नको म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, नको म्हटलं म्हणून तपासणी, गोळ्या, डिलिव्हरी काही अडत नाही. कुणी सहीसाठी मागे लागलं तर सरळ सांगा, घरी बोलून पुढच्या तपासणीला सांगते. तेव्हा यजमानांना घेऊन जा, आणि सासूबाई आत येतो म्हणाल्या तर येऊ द्या, त्यांच्या वेळचं त्यांनाच विचारा, दोन पोरांत किती अंतर होतं ते.