कातालोनियातला कल्सोताडा म्हणजे काय? शाकाहारी माणसाने जावं का?

फेब्रुवारीत बार्सिलोनाला येताय, मित्राने कल्सोताड्याला बोलावलंय, हुरडा पार्टीसारखं असतं का आणि मी शाकाहारी, मग जाऊन काय खाऊ, असा तुमचा प्रश्न आहे. बिनधास्त जा. हुरड्याशी साम्य एवढंच की सीझनचा माल, शेतात जाळ आणि भोवती माणसं. पण इथला हिरो कल्सोत नावाचा कांदा आहे.

कल्सोत म्हणजे साधी कांद्याची पात नव्हे. उन्हाळ्यात काढलेला पांढरा कांदा शेंडा कापून परत जमिनीत लावतात, एकेका कांद्याला बरेच कोंब फुटतात आणि ते वाढतील तशी मातीची भर देत राहतात म्हणजे ऊन न लागता लांब, पांढरे, गोडसर देठ तयार होतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा सीझन. मूळ गाव तारागोनाजवळचं वाल्स, बार्सिलोनाहून शंभरेक किलोमीटर (थरावर थर रचून मानवी मनोरे करणारं प्रसिद्ध गाव ते हेच). एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शात दे बेनाइजेस नावाच्या शेतकऱ्याच्या हातून कांदे चुकून जास्त जळले आणि आतून मस्त निघाले अशी गोष्ट सांगतात, खरंखोटं देव जाणे.

माझ्या मते सगळी मजा जाळात आहे. हिवाळ्यात द्राक्षाची छाटणी होते, त्या वाळक्या काड्या पेटवतात आणि निखारे व्हायची वाट न बघता थेट भडकलेल्या जाळावरच कांदे टाकतात, बाहेरून पार कोळसा होईपर्यंत. मग वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचे, आतल्या वाफेवर ते पुरते शिजतात, आणि वाढताना चक्क कौलावर घालून आणतात म्हणजे गरम राहतात. शहरातल्या काही हॉटेलांत गॅसच्या तव्यावर करून देतात, त्याला पैसे घालवू नका, धुराचा वास नाही तर उकडलेला कांदाच तो.

खाताना गळ्यात लाळेरं बांधतात, लाजू नका, सगळेच बांधतात. एका हाताने खालचं टोक धरायचं, दुसऱ्याने वरची आतली हिरवी पानं धरून ओढायचं, काळी साल मोज्यासारखी सुटते. मग सॉसमध्ये बुडवायचा, मान मागे टाकायची आणि वरून तोंडात सोडायचा. सॉस म्हणजे साल्बिचाडा, रोमेस्को या इथल्याच दुसऱ्या सॉसची बहीण: भाजलेले टोमॅटो आणि लसूण, बदाम, हेझलनट, न्योरा नावाच्या वाळक्या मिरचीचा गर, ऑलिव्ह ऑइल, व्हिनेगर. तिखट फारसा नसतो, आपल्या जिभेला तर मुळीच नाही, पण एकेक जण वीस-पंचवीस कांदे सहज उडवतो तो या सॉसच्या जिवावर.

आता शाकाहाराचं. कांदे आधी, जाळावर भाजतात, निखारे पडले की मग मटणाच्या चापा आणि बोतिफारा नावाचे डुकराचे सॉसेज चढतात, त्यामुळे पहिला राउंड तुमचाच. सोबत येणाऱ्या पांढऱ्या बीन्स मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, बऱ्याचदा त्याच सॉसेजच्या चरबीत परतलेल्या असतात. त्याऐवजी टोमॅटो चोळलेला पाव आणि भाजलेले आर्टिचोक (एक भाजी) मागा. शेवटी क्रेमा कातालाना नावाचं गोड कस्टर्ड येतं, त्यात अंडं असतं, नको असेल तर संत्री असतातच. जैन असाल तर मात्र अवघड आहे बाबा 😄

वाल्सचा मोठा उत्सव जानेवारीच्या शेवटच्या रविवारी असतो, तो तुमचा हुकेल. पण फेब्रुवारीभर आसपासच्या फार्महाऊस रेस्टॉरंटांत हेच चालू असतं, शनिवार-रविवारी तुफान गर्दी, तेव्हा मित्राला आधी बुकिंग करायला सांगा आणि पांढरा शर्ट घालून जाऊ नका.