घरातला बांबू का सुकतो? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : काचेच्या भांड्यात ठेवलेल्या लकी बांबूच्या पानांचे शेंडे चैत्रापासून करपत आहेत. बोअरचे पाणी नियमित बदलतो, तरी फरक पडत नाही. (भुसावळ)

उत्तर : पाणी आपण वेळेवर बदलता, पण दोष त्या पाण्यातच असावा. लकी बांबू हा खरा बांबू नव्हे. ते मध्य आफ्रिकेतील कॅमेरूनच्या परिसरातले ड्रेसिना कुळीचे झुडूप आहे आणि पाण्यातील फ्लोराइड व क्षार त्याला सोसत नाहीत. मुळांनी शोषलेले फ्लोराइड पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत पोहोचते, तेथून पाणी वाफ होऊन उडते आणि फ्लोराइड मात्र साठत जाते. म्हणून करपणे शेंड्यापासूनच सुरू होते. पारा ४४ अंशांच्या वर गेला की भांड्यातील पाणीही भराभर आटते व उरलेले अधिक खारट होते, त्यामुळे उन्हाळ्यात वरून भर घालण्यापेक्षा सगळे पाणी बदलणे बरे.

नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवल्यास त्यातील क्लोरीन बरेचसे उडून जाते, फ्लोराइड व क्षार जात नाहीत. उकळल्याने तर ते अधिकच दाट होतात. आरओचे शुद्ध पाणी किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. आपल्याकडे उन्हाळाभर घरोघरी कूलर चालतो आणि त्याच्या टाकीतले उरलेले पाणी झाडांना घालण्याची काटकसर सर्रास केली जाते. या झाडाच्या बाबतीत ती टाळावी, कारण दिवसभर वाफ होऊन त्या पाण्यातील क्षार कितीतरी वाढलेले असतात. टाकीच्या कडेला धरलेला पांढरा थर त्याचीच साक्ष देतो. आरओ यंत्र जे पाणी बाहेर टाकते, तेही याच कारणाने नको. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही; तो कात्रीने कापला तरी चालेल.

प्रश्न : लकी बांबूची एक काडी खालून पिवळी पडून मऊ झाली आहे. भांडे पश्चिमेच्या खिडकीत आहे आणि पंधरवड्याला द्रवखत देतो. (धुळे)

उत्तर : ती काडी आजच बाजूला काढावी, कारण कुजणाऱ्या काडीमुळे पाणी नासते आणि शेजारच्या काड्याही जातात. पिवळा भाग सुधारत नाही. मात्र वरचा भाग हिरवा व टणक असेल, तर पिवळेपणा जिथे संपतो त्याच्या बरेच वर, पेराच्या थोडे खाली, स्वच्छ सुरीने कापून तो तुकडा ताज्या पाण्यात ठेवावा. काही आठवड्यांत त्याला मुळ्या फुटू शकतात. पश्चिमेचे ऊन या झाडाला सोसत नाही, तेव्हा भांडे उजेड असेल पण ऊन थेट पडणार नाही अशा जागी हलवावे. खत तूर्त पूर्ण बंद करावे. पाण्यात वाढणाऱ्या या झाडाची भूक अगदी थोडी असते आणि माझ्या मते घरोघरची ही झाडे उपासापेक्षा अतिलाडानेच अधिक दगावतात.

प्रश्न : रोपवाटिकेतून मानवेल आणून बैठकीच्या खोलीत ठेवली. शेतातली काळी माती भरली, तरी पाने गळत आहेत. (शहादा)

उत्तर : मानवेल हा सातपुड्यात वाढणारा खरा बांबू आहे, म्हणजे गवताच्या कुळातला, आणि त्याला मोकळे ऊन लागते, बैठकीच्या खोलीतील उजेड आपल्या डोळ्यांना पुरेसा वाटला तरी त्याची उपासमार होते. कोरड्या दिवसांत पाने गाळणे हा त्याचा स्वभावच असल्याने केवळ पानगळ पाहून घाबरू नये; कोंब हिरवे आहेत का, ते पाहावे. काळी माती कपाशीला मानवते, परंतु कुंडीत ती भिजली की फुगून मुळांचा श्वास कोंडते आणि वाळली की भेगाळते, म्हणून तिच्यात जाडी वाळू व कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे. पानांच्या मागे बारीक जाळी दिसल्यास ती लाल कोळ्याची समजून पाने पाण्याच्या फवाऱ्याने धुवावीत. तरीही स्पष्टच सांगतो, मानवेलीला अंगणात जागा द्या. घरातच बांबू हवा असेल, तर बुटक्या जातीचे रोप घेऊन ते उन्हाच्या गॅलरीत ठेवणे त्यातल्या त्यात बरे.

प्रश्न : लकी बांबूच्या पाण्यात डासांच्या अळ्या दिसल्या. झाड फेकून द्यावे का? (अमळनेर)

उत्तर : फेकू नये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या आतील भिंतीवर अंडी घालतो आणि ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे आठवड्याला पाणी ओतून देणे पुरेसे नाही, भांडे व खडे आतून घासलेच पाहिजेत. काड्या आणि मुळ्याही त्याच वेळी वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्याव्यात. २००१ साली याच झाडाच्या चीनहून आलेल्या मालातील साचलेल्या पाण्यातून आशियाई एडिस डास कॅलिफोर्नियात पोहोचला होता.