विड्या सोडून भाकरी केंद्रात: आईला जमेल का?

तुम्ही विचारलंय की आई ५२ वर्षांच्या आहेत, तीस वर्षं विड्या वळल्या, आता खोकला आणि मानदुखी. जवळच्या कडक भाकरीच्या केंद्रात जाते म्हणतात. या वयात जमेल का, आणि लोक काय म्हणतील?

लोकांचं सोडा. सोलापुरात भाकरीला नावं ठेवणारा भेटायचा नाही. हाताचीही मला काळजी वाटत नाही. एका मापाच्या हजार विड्या वळणाऱ्या बाईला भाकरीची जाडी पंधरा दिवसांत कळते. अडतं ते आचेपाशी.

पीठ ताजं हवं, मालदांडी ज्वारीचं असेल तर उत्तम. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग थापताना कडा फाटतात. पीठ गरम पाण्यात मळायचं, तेही चार-पाच भाकऱ्यांपुरतंच. भाकरी रोजच्यापेक्षा बरीच पातळ थापायची. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं, दोन्ही बाजू भाजल्या, की खरं काम सुरू होतं: मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत आतला ओलावा काढायचा. फुगू द्यायची नाही, पापुद्रा सुटला की पिशवीत चुरा होतो. नवीन बायका घाईनं आच वाढवतात. कडा करपतात आणि मध्य ओला राहतो. एक मोडून बघायची: मधोमध कडकन तुटली तर झाली, वाकली तर परत तव्यावर. गरम असताना पिशवीत भरली की आत वाफ धरते, भाकरी नरम पडते आणि पुढं बुरशी येते.

खोकल्याचं मात्र आधी डॉक्टरांना विचारा. तंबाखू सुटला तरी चुलीचा धूर आणि पिठाची धूळ आहेच. गॅसची शेगडी आणि खेळती हवा असलेलंच केंद्र बघा, पीठ चाळताना नाकाला फडकं. खाली बसून थापायचं असेल तर मानेला पुन्हा तेच दुखणं. ओट्यावर उभं राहून थापता आलं पाहिजे.

मजुरी नगावर की पिठाच्या किलोवर, हे पहिल्याच दिवशी विचारा. तुटलेली भाकरी कुणाच्या खात्यात, हेही. विडीत छाट काढतात, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला टाकतात, आणि त्यांची मजुरी जाते, हे आईंना सांगायला नको. इथं तसं आहे का ते बोलून घ्यावं.

विडीचं काम सोडण्याआधी पीएफचा यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक, हातात घ्या. पीएफला लागलेलं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का बघा, घोडं बहुतेक तिथंच अडतं. पेन्शन योजनेत १० वर्षं भरली असतील तर ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होते. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण दर वर्षामागं ४ टक्के कमी मिळते. गरज नसेल तर थांबलेलं बरं.

पहिला आठवडा अर्धाच दिवस पाठवा. विडीचं पान घरी येतं, रात्री टीव्हीपुढं बसून कापावं लागतं, घरभर तंबाखूचा वास. भाकरीचं पीठ केंद्रातच राहतं. शेगडी बंद झाली की आईंची संध्याकाळ मोकळी.