वाचकांचे प्रश्न : पारायणाच्या मंडपात स्वयंचलित कॅमेरा

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावी दरवर्षी तीन दिवसांचा ज्ञानेश्वरी पारायण सोहळा होतो. व्हिडिओवाले निरूपण आटोपताच निघून जातात, त्यामुळे रात्रीचा जागर आणि पहाटेची काकड आरती कधीच चित्रित होत नाही. माणसामागे आपोआप वळणारा कॅमेरा मंडपात बसवून तिन्ही दिवस चालू ठेवावा, असे तरुण मंडळी म्हणतात. जुन्या वारकऱ्यांना हे रुचलेले नाही. काय करावे?
– पारायण मंडळाचे एक कार्यकर्ते

उत्तर : कॅमेरा जरूर बसवावा, मात्र आपोआप वळणारा नको. असे कॅमेरे माणसाची आकृती ओळखून तिच्या मागे फिरतात. वर्गात एकटेच शिकवणाऱ्या शिक्षकासाठी ही सोय चांगली आहे. निरूपणात मात्र महाराजांच्या मागे टाळकऱ्यांची रांग पावले टाकत असते, मध्येच कोणी हार घालायला पुढे येतो, कोणी पाया पडतो, आणि अशा गर्दीत यंत्र नेमके कोणाच्या मागे जाईल हे सांगता येत नाही. ठरावीक वेळी ठरावीक दिशेला वळण्याची आज्ञाही देता येते, पण आपल्याकडचा हरिपाठ पत्रिकेत छापलेल्या वेळेला सुरू होतो असे छातीठोकपणे सांगणारा वारकरी मला अजून भेटायचा आहे. त्यापेक्षा एका जागी स्थिर, व्यासपीठ, वीणेकरी आणि टाळकरी असे सर्व एकाच चौकटीत घेणारा साधा कॅमेरा बरा. तो उंचावर, खांबाला बांधावा आणि त्याचा लाल दिवा चिकटपट्टीने झाकावा. ज्येष्ठांचा आक्षेप पुष्कळदा व्यासपीठासमोर तिपाई घेऊन वावरणाऱ्या माणसाला आणि त्याच्या प्रखर दिव्याला असतो. त्यांना बसवलेला कॅमेरा आधी दाखवला तर निम्मे बोलणे तिथेच संपेल.

वाचलेले पैसे आवाजावर खर्च करावेत, कारण वीस वर्षांनी हे चित्रण कोणी उघडले तर ते पाहण्यापेक्षा ऐकण्यासाठीच उघडतील. कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकमध्ये आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय असते. टाळ-पखवाजाचा गजर टिपेला पोहोचला की ती पातळी खाली ओढते, आणि गजर थांबल्यावर महाराज हलक्या आवाजात जे पहिले चरण म्हणतात ते त्यात बुडून जाते. म्हणून ही सोय बंद करावी आणि साउंडवाल्यांच्या मिक्सरमधून एक वायर थेट घ्यावी. मिक्सरचा आवाज माइकच्या आवाजापेक्षा बराच जोरकस असतो. तो कॅमेऱ्याच्या माइकच्या जागी सरळ जोडला तर फाटतो, तेव्हा असा जोरकस आवाज घेणारी ‘लाइन’ची वेगळी जोडणी कॅमेऱ्याला आहे का ते आधी पाहावे. मिक्सरमध्ये फक्त माइकसमोरचेच आवाज येतात, श्रोत्यांचा ‘विठ्ठल विठ्ठल’ येत नाही. त्यासाठी मंडपात एक वेगळा माइक टांगून त्याचा आवाज चित्रणाच्या दुसऱ्या ध्वनिवाहिनीवर (चॅनलवर) घ्यावा.

उजेडाचेही तसेच. मंडप अंधूक आणि महाराजांचा पोशाख पांढराशुभ्र असेल, तर आपोआप उजेड जुळवणारा कॅमेरा सगळ्या अंधाराकडे पाहून चित्र उजळवतो आणि चेहरा-फेटा पांढरा फटक पडतो. सायंकाळी दिवे लागल्यावर एकदा उजेड जुळवून तो पक्का करून ठेवावा. काकड आरतीच्या वेळी आरतीच्या ज्योती हलू लागल्या तरी मग चित्र भगभगत नाही. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने शटरचा वेग १/५० सेकंदावर ठेवावा, म्हणजे बहुतेक दिव्यांची लुकलुक चित्रात उतरत नाही.

साठवणुकीचा हिशेब आधी करावा. सेकंदाला ८ मेगाबिट या दराने तासाला सुमारे ३.६ जीबी लागतात, म्हणजे ७२ तासांना जवळपास २६० जीबी. २५६ जीबीचे कार्ड काल्याच्या कीर्तनाच्या सुमारासच भरेल! पाळतीचे कॅमेरे जागा संपली की सर्वांत जुने चित्रण पुसून पुढे जातात आणि पोथी स्थापनाच नाहीशी होते. तेव्हा ५१२ जीबीचे कार्ड घ्यावे आणि पुसून लिहिण्याची सोय बंद करावी. फोटोचे अनेक कॅमेरे अर्ध्या तासाला थोडे कमी असतानाच चित्रण थांबवतात, ते या कामाचे नाहीत. यूपीएस लावावाच, शिवाय आदल्या दिवशी मुद्दाम प्लग काढून, वीज परतल्यावर चित्रण आपोआप पुन्हा सुरू होते की नाही ते तपासावे. यंत्र स्वयंचलित असले तरी दिवसातून दोनदा पाहणारा एक माणूस नावानिशी नेमावा. दिंडी आणि काला मात्र हातातल्या कॅमेऱ्यानेच घ्यावेत. ते मंडपाच्या चौकटीत मावत नाहीत.

एक कायदेशीर बाब राहते. संतांच्या अभंगांवर कोणाचा हक्क नाही, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३८ व्या कलमानुसार सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो, आणि या व्याख्येत गायकाबरोबर व्याख्याताही येतो. म्हणून कीर्तनकार व प्रवचनकार यांची लेखी संमती आमंत्रण देतानाच घ्यावी. चित्रण चालू असल्याचा फलक प्रवेशाशी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लावावा, कारण सोहळ्याला येणारे पाहुणे दोन्हीकडचे असतात.

प्रश्न : आमच्या गावी महालक्ष्मी यात्रा आहे. मंदिरात सीसीटीव्ही आहेच; त्याचेच चित्र वेळ लावून आपोआप थेट प्रक्षेपित करावे का?
– बेळगाव तालुक्यातील एक वाचक

उत्तर : करू नये. तो कॅमेरा सुरक्षेसाठी लावलेला असतो आणि त्याची नजर बहुधा दानपेटीकडे व रांगेकडे असते. ओटी भरायला आलेल्या स्त्रियांचे चेहरे दिवसभर घरोघरी दिसत राहणे योग्य नाही. शिवाय घड्याळावर सुरू होणाऱ्या प्रक्षेपणाला देवीचे वस्त्रालंकार चालू आहेत हे कळत नाही. देवी गदगेवर, म्हणजे यात्रेत तिला बसवतात त्या आसनावर, बसल्यावर फक्त गदगेकडे रोखलेला वेगळा कॅमेरा लावावा आणि प्रक्षेपण सुरू-बंद करण्याचे बटण पुजाऱ्यांच्या हाताशी ठेवावे.