भागीदार वारला, हिशेब राहिला

मालेगावच्या एका वाचकाने मित्रासोबत शेळीपालन केलं. यांचे 6 लाख, मित्राचे 4. स्टॅम्पपेपरवर लिहिलं, ‘नफा निम्मा-निम्मा, तोटा शरीयतप्रमाणे’. मित्र वारल्याला 2 वर्षं 10 महिने झाले. धंदा तोट्यात होता. तोटाही निम्माच धरायचा ना, असं ते विचारतात.

तुम्हाला आवडणार नाही, पण शरीयतने नाही. मुशारकात, म्हणजे दोघांनी भांडवल घालून केलेल्या शरीयतच्या भागीदारीत, नफा ठरेल तसा वाटतात, तोटा मात्र भांडवलाच्या प्रमाणात, म्हणजे तुमच्याकडे 60 टक्के. 1932चा भागीदारी कायदा वेगळं ठरलं नसेल तरच तोटा समान धरतो. तुमची ओळ मोघम आहे. कोर्ट ती कशी वाचेल, हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही.

पण हे सगळं दुय्यम. भागीदार दोघंच, त्यामुळे मित्र गेला त्याच दिवशी भागीदारी संपली. तिथून 3 वर्षांत हिशेबाचा दावा लावावा लागतो. तुमच्या हातात 2 महिने आहेत. जमातीत बैठका चालू होत्या म्हणून मुदत थांबत नाही. उशीर माफ करण्याचा अर्ज अपिलात चालतो, दाव्यात नाही. निकालाला कोर्ट कितीही वर्षं घेईल, तुम्हाला मात्र एक दिवस जास्त मिळणार नाही. इतके दिवस का थांबलात?

फर्म नोंदलेली नाही, त्याची धास्ती नको. अशांना हिशेबाचा दावाही लावता येणार नाही, अशी दुरुस्ती महाराष्ट्राने 1984 साली केली होती. सुप्रीम कोर्टाने ती 2009 मध्ये घटनाबाह्य ठरवली.

‘भाभींना कोर्टात कसं खेचू?’ असं लिहिलंय. वारशाच्या वाटण्या होण्याआधी मयताचं देणं फेडायचं, हे शरीयतच सांगते. हिशेब मागणं म्हणजे बेइमानी नव्हे. वारसांनी मुदतीत लेखी कबुली दिली तर मुदत नव्याने मोजता आली असती, पण मुलं अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेली आहेत. त्यांची सही चालणार नाही. दावाच लावा, सगळ्या वारसांना पक्षकार करा.

बकरी ईदला विकलेल्या बोकडांची वही मित्राच्या घरी आहे ना? नोंदी पेन्सिलीच्या आहेत. भाभींना विचारून आजच पानन् पान मोबाइलवर टिपून घ्या. मूळ स्टॅम्प आणि मृत्यूचा दाखला घेऊन याच आठवड्यात वकील गाठा.

जमातीत नंतर खुशाल बसा. तडजोड झाली तर ती कोर्टात दाखल करा. अज्ञान मुलांसाठी तिथे परवानगी घ्यावीच लागेल.