कवला फुलला की भाजी संपली

प्रश्न : ताई, ऑगस्टअखेरीस बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. कान्हेरीच्या वाटेवर पाणी साचलेल्या गवतात इवलीइवली पिवळी फुलं दिसली. प्रत्येकावर दोन लाल ठिपके, पानं लाजाळूसारखी. मुलगी म्हणाली, मिकी माऊस! सासूबाई म्हणाल्या, अगं हा तर कवला, दादरला जुड्या मिळतात. खरं कोणाचं? पुढच्या वेळी थोडा उपटून आणू का भाजीला?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : दोघींचंही खरं. थोडी दुरुस्ती सासूबाईंच्या बाजूला. हे स्मिथिया कुळ. कवला त्यातल्या बऱ्याच भावंडांना म्हणतात. लाल ठिपक्यांचा, केसाळ तो स्मिथिया हिरसुटा. जुडीत येतो तो सहसा स्मिथिया सेन्सिटिव्हा. नाव १७८९ सालचं, जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञावरून दिलेलं. आपल्या आज्या मात्र तो कोण कुठला हे न विचारता कवला चिरत होत्या.

पानं मिटतात म्हणून लाजाळू समजू नका. लाजाळू दक्षिण अमेरिकेकडून आलेली, काटेरी, गुलाबी गोंड्याची. कवल्याला तसे काटे नाहीत आणि फूल वाटाण्याच्या फुलासारखं, कारण तो वाटाण्याच्याच घराण्यातला.

उपटण्याचं म्हणाल तर, नको. एक म्हणजे राष्ट्रीय उद्यानातून काही तोडून आणायला बंदी आहे. दुसरं, त्याच गवतात खुळखुळाही उगवतो. फूल तसंच पिवळं, वाटाण्याच्याच घराण्यातलं, पण त्याच्या बऱ्याच जातींत यकृताला घातक द्रव्यं असतात. त्याची शेंग फुगीर, वाळली की आत बिया वाजतात. कवल्याची शेंग घडी घालून पाकळ्यांखालच्या हिरव्या पेल्यातच लपलेली. शेंग यायच्या आधी मात्र नवख्याला फरक कळणं कठीण.

आणि तिसरं, जे मी पैसे मोजून शिकले. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात दादर स्टेशनबाहेर टोपलीत फुलं आलेली जुडी दिसली. दिसायला सुंदर, म्हणून तीच उचलली. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "बाय, ही कालची उरलेली, फुलला तो जून झाला." मी ऐकलं नाही. रात्री सगळं घर दातांतले दोरे काढत बसलं होतं. सासरे काही बोलले नाहीत, फक्त वरणाची वाटी पुढे ओढली.

तेव्हा फूल बघायला ऑगस्ट-सप्टेंबर, भाजीला त्याआधी, पाऊस नुकता लागलेला असताना. देठ नखाने कटकन तुटला तरच जुडी घ्या. चिखल फार असतो, चार पाण्यांतून धुवा. लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली चणाडाळ, वर ओलं खोबरं. कांदा भरपूर घाला, कारण पातेलंभर पाला शिजून वाटीभर उरतो.