कॅल्क्युलेटरमध्ये पीएसए भरण्याआधी बाबांच्या गोळ्या बघा

प्रश्न: डॉक्टर, बाबा ६७ वर्षांचे आहेत. प्रोस्टेट वाढलंय म्हणून दीड वर्ष ड्युटास्टेराइडची गोळी रोज चालू आहे. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ६ महिन्यांपूर्वी ३.१ होता, आता ४.८ आलाय. युरॉलॉजिस्ट बायोप्सी करा म्हणतायत. मी प्रोस्टेट कॅन्सरची शक्यता सांगणाऱ्या दोन ऑनलाइन रिस्क कॅल्क्युलेटरमध्ये आकडे भरले, दोन्हीकडे वेगळं उत्तर आलं, पण रिस्क कमीच दिसते. बाबा बायोप्सीला खूप घाबरतात. थांबलं तर चालेल का?

उत्तर: तुम्ही भरलेला ४.८ हाच आकडा मला खटकतोय. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड वर्षभर घेतलं की पीएसए साधारण निम्मा होतो, कॅन्सर असो वा नसो, म्हणजे बाबांचा ४.८ हा गोळी न घेणाऱ्या माणसाच्या ९ ते १० सारखा वाचायला हवा, आणि कॅल्क्युलेटरला हे आपोआप कळत नाही, त्यात गोळीचा वेगळा रकाना नसेल तर रिस्क खोटीच कमी दिसणार. दुसरं म्हणजे या गोळीवर पीएसए खाली जाऊन तिथंच राहायला हवा, तो वर चढतोय हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मधे गोळ्या चुकल्या होत्या का, लघवीत इन्फेक्शन होतं का, हे बाबांना नीट विचारा. इन्फेक्शननेही पीएसए चढतो, तसं असेल तर उपचारानंतर ६ ते ८ आठवड्यांनी परत तपासतात.

दोन उत्तरं वेगळी आली यात तुमचं काही चुकलं नाही. प्रत्येक कॅल्क्युलेटर वेगळ्या लोकांच्या माहितीवर बनलेला असतो. २००६ साली आलेला अमेरिकन पीसीपीटी या प्रोस्टेट कॅन्सरच्या अभ्यासाचा कॅल्क्युलेटर साडेपाच हजार पुरुषांवरून बनला, युरोपातल्या ईआरएसपीसी या अभ्यासाचा वेगळा आहे, त्याच्या काही प्रकारांत प्रोस्टेटचा साइझही भरावा लागतो. उत्तरात कुठलाही कॅन्सर आणि हाय ग्रेड (जास्त आक्रमक) कॅन्सर असे टक्क्यांचे दोन आकडे दिसले तर हाय ग्रेडचा बघा, कारण लो ग्रेड बऱ्याचदा नुसता लक्ष ठेवण्यासारखा असतो. बाबांच्या सख्ख्या भावाला किंवा वडिलांना प्रोस्टेट कॅन्सर असेल तर रिस्क साधारण दुप्पट होते, तेही भरलंय ना?

थेट सांगायचं तर नुसत्या कॅल्क्युलेटरच्या भरवशावर मी थांबणार नाही. पण लगेच सुईच असंही नाही, आधी एमआरआय झालाय का विचारा. त्यात कॅन्सरचा संशय किती आहे ते सांगणारा पायरॅड्स हा १ ते ५ असा स्कोअर देतात. ४ किंवा ५ आला तर बायोप्सी टाळू नका, किमान नेमकी कुठून घ्यायची ते तरी कळतं. १ किंवा २ आला तर थांबण्याबद्दल मोकळेपणी बोलता येतं, तरी एमआरआयमधूनही काही कॅन्सर निसटतात, त्यामुळे पीएसए चढत राहिला तर नुसतं शांत बसू नका.

बाबांच्या भीतीला उडवून लावू नका हं. बायोप्सी जागा बधिर करून करतात, आणि गुदद्वारातून न जाता त्याच्या पुढच्या त्वचेतून सुई घातली तर इन्फेक्शनचा धोका कमी असतो, ही सोय आहे का ते विचारा. जाताना गोळी कधी सुरू झाली ती तारीख आणि त्याच्या आधीचा पीएसए लिहून न्या, तुमच्या पत्रात तो नाहीये आणि डॉक्टरांना तो सगळ्यात आधी लागेल.